भावोजींच्या नावावर माझी झोप

आमचे भावोजी विमान चालवतात असे मी कुणाला सांगितले की ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात. ते उजव्या खुर्चीत बसतात असे सांगितले की तेच डोळे पुन्हा पहिल्यासारखे होतात. विमानात पुढे दोन खुर्च्या असतात. डावी कॅप्टनची, उजवी को-पायलटची. उजव्या खुर्चीतला माणूसही विमान उडवतो, उतरवतो, सगळे करतो. पण शेवटचा शब्द डावीकडच्याचा. भावोजींनी उजव्या खुर्चीत अकरा वर्षे काढली. दोन खुर्च्यांमध्ये अंतर हातभर असेल-नसेल. ते त्यांना या खेपेला का ओलांडता आले नाही, ते मी लिहिते आहे. त्यात माझाही हात आहे. दुसऱ्या कुणी लिहिले तर तो वगळून लिहील, आणि ते मला नको आहे.

मी या घरात आले तेव्हा भावोजी नववीत होते. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात हे, भावोजी आणि एक तीन पायांचे टेबल. चौथ्या पायाच्या जागी विटा होत्या. त्या टेबलावर भावोजींनी खोक्याच्या पुठ्ठ्याचे विमान उभे केले होते, म्हणजे नुसता पुढचा भाग. लग्नानंतर आठवड्याभरात माझ्या नव्या डब्यांची तीन झाकणे नाहीशी झाली. शोधत गेले तर ती पुठ्ठ्यावर चिकटवलेली.

"वहिनी, रागावू नका. हे वेगाचं, हे उंचीचं."

"आणि तिसरं?"

"ते अजून ठरायचंय."

ती झाकणे मी परत मागितली नाहीत. डब्यांवर वाट्या पालथ्या घातल्या आणि दिवस काढले.

मोठे झाले, शिकले, नोकरीला लागले, तरी घरातून निघतानाची त्यांची एक सवय होती. वैमानिक एकमेकांना विचारून सगळे तपासतात, तसे ते दारात उभे राहून बूट घालता घालता मोठ्याने विचारायचे, "गॅस?" मी आतून म्हणायचे, "बंद." "नळ?" "बंद." "वहिनी?" "चालू!" मग दार लागायचे. शेजारीण म्हणायची, तुमच्या घराला घड्याळ कशाला हवं, तुमचं दीर-भावजयीचं 'वहिनी? चालू!' ऐकलं की मी कुकर लावते.

मी रोज वही लिहिते. पहाटे चार-सव्वाचारला उठते, तोंड धुते, तासभर देवापुढे बसते, आणि उठताना पाच-सहा ओळी खरडते. दूध वेळेवर आले का, कोण आले, काय म्हणाले, आदल्या दिवशी माझ्या हातून काय चुकले. एकवीस वर्षांत एक पान कोरे नाही. तापाने फणफणले तेव्हाही 'आज ताप' एवढे लिहिले आहे. भावोजी मला चित्रगुप्त म्हणतात. "दादा, जपून बोल, चित्रगुप्त बसलेत," असे ह्यांना सांगत आणि स्वतःच हसत. म्हणत, असे लिहायला हवे. आता म्हणत नाहीत.

गेल्या वर्षी त्यांचे नाव कॅप्टनच्या प्रशिक्षणाला लागले. तीन महिने ट्रेनिंग सेंटरला जायचे, रोज घरी यायचे. तिथे सिम्युलेटर असतो, म्हणजे विमानाचे नुसते डोके, लोखंडी पायांवर उभे. आत बसले की खरे वाटते. वादळ येते, इंजिन बंद पडते, आणि कुणी मरत नाही. पूर्वी तिथे सगळ्यांना एकच धडे असत. उंच असो, ठेंगणा असो, एकाच मापाचा सदरा. यंदा नवी पद्धत आली होती. छातीला पट्टा बांधायचा, तो ठोके मोजतो. एक चष्मा, नजर कुठल्या काट्यावर किती वेळ राहते ते टिपतो. आणि मनगटावर घड्याळ, रात्रंदिवस, झोप आणि झोपेतले ठोके मोजायला. हे सगळे आकडे मशीनमध्ये जातात आणि दुसऱ्या दिवशीचा धडा त्या माणसाच्या मापाने बेतून बाहेर येतो. दमलेला असेल तर हलका, ताजा असेल तर कस काढणारा.

हे सगळे मला समजावून सांगितले ते सरांनी. सर म्हणजे भावोजींचे पहिल्यापासूनचे शिक्षक. एक रविवार सोडून एक आमच्याकडे जेवायला यायचे. खिडकीजवळची खुर्ची त्यांची. त्यांना जरासे ऊन हवे असते म्हणून मी पडदा अर्धाच ओढायचे, तेसुद्धा ठरून गेलेले. त्या दिवशी ह्यांनी शंका काढली.

"सर, एवढं सगळं मोजतायत. उद्या हेच आकडे काढून 'हा नको' म्हणाले तर?"

सर हात पुसत होते. थांबले. माझ्याकडे वळून म्हणाले, "वहिनी, आणा तुमची वही. लिहा. हे आकडे फक्त धडे बेतण्यासाठी. निवडीच्या टेबलावर जाणार नाहीत. माझा शब्द."

मी तेव्हाच लिहिले, त्यांच्यासमोर. तारीख घातली. भावोजी म्हणाले, "सर, गेलात तुम्ही. आता वरपर्यंत नोंद झाली." सगळे हसलो.

पद्धत वाईट होती असे मी म्हणणार नाही. खोटे बोलणे होईल. दुसऱ्याच आठवड्यात भावोजी उडत घरी आले. इंजिन बंद पडल्यावर आपण घाबरतो असे त्यांना अकरा वर्षे वाटत होते, आणि कुणी ना कुणी सांगतही होते, 'शांत रहा, शांत रहा'. पट्ट्याने दाखवले की ठोके जागच्या जागी असतात. माणूस शांतच होता. चूक नजरेची होती. ती वेगाच्या काट्याला चिकटून बसायची आणि बाकीचे काटे विसरायची.

"अकरा वर्षं, वहिनी! अकरा वर्षं मी छातीवर हात ठेवून दीर्घ श्वास घेतोय आणि दुखणं डोळ्यात!"

"म्हणजे लहानपणी वेगाचं झाकण मधोमध लावलं होतंत, तेव्हाच चुकलं," मी म्हटले.

मशीनने त्यांना नजर फिरवण्याचे धडे दिले. घरीही ते जेवताना ताट, भिंत, खिडकी, पुन्हा ताट असे बघत. ह्यांनी विचारले, "माशी मारतोयस का?" पण पंधरा दिवसांत फरक पडला. इतके आनंदात मी त्यांना पुठ्ठ्याच्या विमानानंतर पाहिले नव्हते.

घड्याळाने मात्र त्यांना छळले. पट्ट्याखाली मनगटावर लाल चट्टा उठला, खाजायचा. मी मलम दिले. तीन-चार दिवस बरे, की पुन्हा चट्टा. चट्टा आला की ते घरी आल्या आल्या घड्याळ काढून आरशाखालच्या फळीवर ठेवत आणि सकाळी निघताना घालत. सरांकडे तक्रार करा म्हटले तर म्हणाले, "एवढ्याशा खाजेचं रडगाणं कॅप्टन होणाऱ्याने गायचं?"

मग एका दुपारी सरांचा फोन आला. भावोजी तेव्हा सिम्युलेटरमध्ये.

"वहिनी, तुमच्या लाडक्याला जरा सांगा. तीन रात्री कोऱ्या आल्यात त्याच्या. कोरी रात्र दिसली की मशीन अडतं."

कोरी. हा शब्द मला लागला. ज्या बाईने एकवीस वर्षांत पान कोरे सोडले नाही, तिच्या घरातल्या माणसाच्या तीन रात्री कोऱ्या. संध्याकाळी मी भावोजींना सांगितले, तर ते मनगट पुढे करून म्हणाले, "बघा तुम्हीच." चट्ट्याची कातडी निघाली होती. त्यावर पुन्हा पट्टा बांधा म्हणायला माझी जीभ उचलली नाही. जेवून ते झोपले. घड्याळ फळीवर, हिरवा दिवा मिचकावत.

मी ते माझ्या मनगटात घातले.

आता कुणाला हसू येईल. मलाही त्या वेळी थोडे हसू आले होते. मला वाटले, घड्याळाला झोप हवी आहे, तर झोपच देते आहे ना? आणि माझी झोप चांगली. अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागतो, पहाटे देवाच्या नावाने उघडतो. औषध नाही, गोळी नाही. चांगल्या घरचे विरजण शेजाऱ्याला द्यावे तसे वाटले. भावोजी साडेसहाला उठायचे, त्याच्या आत घड्याळ फळीवर. वहीत लिहिले, 'घड्याळ रात्री मी घातले. भावोजींना सांगितले नाही.' पुढे चट्टा आला की हेच. अशा तेवीस रात्री झाल्या. तेवीसही लिहिल्या आहेत.

त्यातल्या पुष्कळशा पहाटे मी त्यांचे घड्याळ हातात असतानाच देवापुढे बसले आणि त्यांच्या डाव्या खुर्चीसाठी हात जोडले.

दुसऱ्या महिन्यात भावोजी चिडचिडे झाले. "वहिनी, मला बालवाडीत बसवलंय. बाकीच्यांना वादळात उतरवतात, मला निरभ्र आकाश! सरळ जा, सरळ या. विचारलं तर म्हणतात मशीन सांगतंय तू दमलायस. मी कुठे दमलोय?"

"असेल काही कारण. जास्त शहाणपण करू नका," मी म्हटले. मला काही म्हणजे काही कळले नाही. वहीत लिहिले आहे, 'भावोजी धड्यांवरून नाराज. समजूत घातली.' ते पान आता उघडवत नाही.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी यादी लागली. नऊ जणांपैकी सहा जणांना डावी खुर्ची. भावोजी नव्हते. हातात कागद घेऊन ते घरी आले आणि ओट्याला टेकून वाचायला लागले. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त चक्रावलेपण.

"ऐका. 'पहाटे सव्वाचारच्या सुमारास वारंवार जाग. विश्रांती अपुरी. अवघड सरावाचे प्रमाण कमी. कॅप्टनपदासाठी तूर्त योग्य नाही.' दादा, मी? सव्वाचारला? मला उठवायला अग्निशमन दल लागतं!"

"दुसऱ्या कुणाचा कागद आलाय," हे म्हणाले. "आपल्या घरात सव्वाचारला उठणारं एकच माणूस आहे, आणि तिला विमान येत नाही."

ह्यांनी हे गमतीने म्हटले. भावोजीही हसले. हसता हसता त्यांनी कागद ओट्यावर ठेवला, आणि मला खालची सही दिसली. शेवटी लांब शेपूट असलेली, सरांची.

माझ्या हातात पोळीचे पीठ होते. हात न धुताच मी सांगितले. सगळे, फोनपासून.

भावोजींनी ओट्यावरचा कागद उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाले, "मला सांगायचं तरी."

"तुम्ही घालू दिलं नसतं."

"नसतंच दिलं! कोरी राहू द्यायची. कोरी तर कोरी. माझी कोरी असती ती!"

हे मध्ये पडले, "अरे, तिने तुझ्यासाठीच..."

"दादा, तू थांब. सरांनी शब्द दिला होता, या खोलीत. तरी आकडे तिकडे दिले. आणि जे दिले ते माझे नव्हतेच. बाहेरच्याने विकले, घरातल्याने बदलले. यात मी कुठे होतो?"

ते खोलीत गेले. कडी लागल्याचा आवाज आला. त्या खोलीला कडी आहे हे मी विसरून गेले होते.

दुसऱ्या पहाटे देवापुढे बसले तर तोंडातून शब्द निघेना. ज्या तासात मी त्यांच्यासाठी मागत होते, तोच तास मशीनने त्यांच्या नावावर अपुरी झोप म्हणून मांडला होता. त्यांचे धडे माझ्या शरीराच्या मापाने कापले गेले. वादळे त्यांना मिळाली नाहीत, कारण मी पहाटे उठत होते. देवावर रागवावे की स्वतःवर, ते ठरेना. तशीच बसून राहिले आणि वेळ झाल्यावर उठले.

चार दिवसांनी भावोजींनी दाद मागितली. समितीपुढे बोलावणे आले. त्याच्या आदल्या सकाळी भावोजी आणि हे बाहेर गेले असताना सर आले. रविवार नव्हता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, पडदा मी ओढला नाही.

"वहिनी, त्याने मला सांगितलं घड्याळाचं. तुमच्या भल्यासाठी आलोय. उद्या हे बोलू नका. घड्याळ दुसऱ्याने घातलं म्हणजे आकड्यांत लबाडी. नोकरीवर येईल त्याच्या. गप्प राहिलात तर पुढच्या तुकडीत मी बघतो त्याचं."

"पण सर, ते आकडे तिथे गेलेच कसे? तुमचा शब्द होता."

"वरून मागितले. नव्या पद्धतीचा काहीतरी उपयोग दाखवायचा होता. मी एकटा काय करणार?"

"आम्हाला सांगायचं."

ते खुर्चीत पुढे सरकले. मग अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ती वही... उद्या न्यायची काही गरज नाही, नाही का?"

तेव्हा मला कळले ते कशासाठी आले होते. भावोजींच्या नोकरीची काळजी त्यांना असेलही. पण पाय घराकडे वळले होते ते वहीतल्या त्या एका पानासाठी. अकरा वर्षे हा माणूस माझ्या हातचे जेवला. मी पाणी दिले होते, ते तसेच ठेवून गेले.

संध्याकाळी मी भावोजींना सर येऊन गेल्याचे सांगितले. काय म्हणाले तेही. या वेळी काही लपवायचे नाही असे ठरवले होते. ते एवढेच म्हणाले, "वही द्या. आणि तुम्हीही चला."

समितीच्या खोलीत लांब टेबल होते, पलीकडे तिघे बसलेले. सर त्यांच्यात नव्हते, बाजूच्या खुर्चीवर होते. टेबलाच्या टोकाला एक तरुण मुलगी संगणक घेऊन. मशीनचे काम तीच बघत होती. भावोजी उभे राहून बोलले. सगळे खरे सांगितले, घड्याळ रात्री काढून ठेवत होतो हेसुद्धा. मग वही त्या मुलीपुढे ठेवली.

ती एकेक तारीख वाचून संगणकात बघत गेली. अर्धा तास लागला असेल. माझे अक्षर तिला कुठे लागले नाही तर मी सांगत होते. शेवटी ती म्हणाली, "तेवीसच्या तेवीस जुळतात. या रात्री झोपेतले ठोके मिनिटाला अकरा जास्त आहेत, बाकीच्या रात्रींपेक्षा. ही दोन वेगळी माणसं आहेत. मशीनला दिसत होतं. त्याने थकवा धरला. आणि आम्ही कुणी विचारलं नाही." तिचा चेहरा उतरला होता. त्या खोलीत चूक झाली असे स्वतःहून म्हणणारी ती पहिली.

"या तेवीस काढल्या तर?" भावोजींनी विचारले.

"तर तुमची विश्रांती यादीतल्या चौघांपेक्षा चांगली आहे."

मला वाटले, झाले. देव आहे.

मग मधल्या गृहस्थांनी सरांना विचारले, आकडे निवडीला वापरणार नाही असे तुम्ही म्हणाला होतात का? वहीत तारखेसह लिहिले आहे. माझे डोळे सरांकडे लागले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. टेबलावरच्या पाण्याच्या तांब्याकडे बघत म्हणाले, "घरगुती बोलणं होतं. जेवताना माणूस काही बोलतो. मला नेमके शब्द आठवत नाहीत."

"मला आठवतात," मी म्हटले. "तुम्हीच लिहायला सांगितलेत."

"बाई, आपण झोपेच्या नोंदींसाठी आला आहात," मधले गृहस्थ म्हणाले.

निकाल आठवड्याने आला. रात्रींची दुरुस्ती मान्य. पण अवघड सराव कमी झाला ही वस्तुस्थिती आहे, यादीतल्या सहा जणांना खुर्च्या दिल्या गेल्या आहेत, आणि मोजणीचे उपकरण दुसऱ्याच्या हाती जाऊ दिल्याची नोंद फाइलवर राहील. पुढच्या तुकडीत पहिल्यापासून. पुढची तुकडी चौदा महिन्यांनी. आकडे निवडीला वापरावेत की नाही याबद्दल एक ओळही नव्हती. खाली तीन सह्या, आणि प्रशिक्षण विभागातर्फे चौथी. शेपटाची.

भावोजी आता कापडी पट्ट्याचे घड्याळ वापरतात. ते त्या मुलीने शोधून पाठवले. चट्टा येत नाही. ते विमान चालवतात, उजवीकडून. माझ्याशी बोलतात, हवे-नको सांगतात, माझ्या हातचे खातात. पण रात्री खोलीला कडी लागते आणि घड्याळ आत असते.

परवा सरांचा फोन आला. भावोजींनी उचलला. मी ओट्याशी होते.

"हो सर... या ना रविवारी. का नाही?... जेवण नेहमीचंच. फक्त वहिनी वही घेऊन बसतील."

पलीकडून काय आले ते ऐकू आले नाही. भावोजींनी फोन ठेवला. चेहऱ्यावर हसू नव्हते. ते बोलणे सरांना होते की मलाही, हे मी विचारले नाही. रविवारी कुणी आले नाही. खिडकीजवळच्या खुर्चीवर ह्यांनी वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला आहे.

आज सकाळी भावोजी निघाले. दारात बूट घालता घालता म्हणाले, "गॅस?"

कित्येक आठवड्यांनी विचारले. मी आतून म्हटले, "बंद."

"नळ?"

"बंद."

मी हातातले काम थांबवले. नाडी बांधायला लागतो तेवढा वेळ गेला. मग दार लागले.